रिंगची फट

व्हॅनचं इंजिन दुसऱ्यांदा उघडं होऊन टेबलावर पडलं होतं आणि मेव्हण्याचा जीव नुसता विटला होता. पहिल्या खेपेला ते त्याच्या दाजींनीच बांधलं होतं. शाळेची पोरं भरलेली व्हॅन भर रस्त्यात जाम झाली. दाजींनी सगळं खापर ड्रायव्हरवर फोडलं: पाणी बघितलं नसशील, इंजिन तापवलंस. तो मान खाली घालून निघून गेला. गॅरेजमध्ये चूक कायम गिऱ्हाइकाचीच असते, हा या धंद्याचा निर्लज्जपणा.

आता पुन्हा तेच. पिस्टनची रिंग सिलिंडरमध्ये उतरवायची आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलरची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पातळ पत्ती घालून बघायची. तापली की रिंग फुगते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि इंजिन जाम होऊन बसतं. पत्ती अडकायला नको, सैलही सुटायला नको, जराशी घासत गेली पाहिजे. ते घासणं डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. आणि दाजींचं बोट म्हणजे गॅरेजमधला शेवटचा शब्द. मेव्हणा त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"बरोबर आहे," फटीत पत्ती घालून बघत दाजी म्हणाले. "बसव."

मेव्हण्याने पत्ती हातात घेतली. तिचं टोक दुमडलं होतं. रेटून घुसवली होती. त्याची नजर दाजींच्या बोटांवरच्या फोडांकडे गेली. अक्का म्हणालीच होती, तुझे दाजी गरम पातेलं धरून उभे राहिले, वास आला तेव्हा कुठे सोडलं. शुगरने बोटं बधिर केली होती आणि हा माणूस कुणाला ताकास तूर लागू देत नव्हता.

गप्प बसणं सोपं होतं. रिंग बसवायची, घरी जाऊन आडवं व्हायचं. अंगात भांडायची ताकदही उरली नव्हती. पण त्या व्हॅनमध्ये पुन्हा पोरं बसणार होती.

"दाजी, फट कमी आहे. तुमच्या बोटांना लागतच नाहीये."

"मला शिकवतोस? पाना उलटा धरायचास तू."

"आता सरळ धरतो. तुमचीच कृपा."

दाजींनी पत्तीची धार अंगठ्यावर दाबली. आणखी दाबली. रक्त आलं तरी चेहरा तसाच. रक्ताकडे बघत ते स्टुलावर टेकले.

मेव्हण्याने रिंग काढली, टोकं कानशीने घासली, परत उतरवली, परत मापली. दाजी बघत होते, पण फिलर मागितला नाही. शेवटची रिंग झाल्यावर त्यांनी खिशातला फोन काढून पुढे केला.

"त्या ड्रायव्हरला लाव. पाण्याचं काही नव्हतं म्हणून सांगतो. बोलेन मी, नंबर तेवढा तू दाब."