डाव्या बाहीची चुणी

तुरुंगाच्या शिवणखात्यात मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अठरा वर्षांत पाच अधीक्षक आले नि गेले. त्यांची पोटं सुटली, मिश्या पिकल्या, पण कोटाचा खांदा कुणाचा उतरला नाही, असं मास्तर स्वतःच सांगत. खुनी माणसाने इतका ताठा मिरवावा का, हा प्रश्न फक्त नव्या शिपायाला पडे. तोही नवा गणवेश अंगावर चढेपर्यंत.

सुटकेच्या अर्जावर समिती बसायची, त्याच्या आदल्या दिवशी मास्तरांना भेटीच्या खोलीतून बोलावणं आलं. अठरा वर्षांत काळं कुत्रंही भेटायला आलं नव्हतं. जाळीपलीकडे बसली होती धाकट्याची बायको.

धाकटा म्हणजे मास्तरांनी ज्याला मारलं तो जोडीदार शिंपी. दोघे एकाच दुकानात, एकाच टेबलावर कापड बेतायचे. मास्तर वयाने नि मानाने थोरले. एके दुपारी मास्तरांनी शिवलेला कोट गिऱ्हाइकाने परत आणला. बाहीला खांद्याशी चुणी पडते म्हणाला. धाकट्याने ती सगळ्यांदेखत उसवली, गुणगुणत परत लावली, आणि बाही अशी बसली, जणू खांद्यातूनच उगवली होती. टोमणा नाही, हसणं नाही. नुसतं गुणगुणणं. मास्तरांनी हातातली लोखंडी इस्त्री त्याच्या डोक्यात घातली.

"बाहीवरून खून?" खटल्याच्या वेळी वकिलाने कपाळाला हात लावला होता. "न्यायाधीश आधी हसतील, मग फाशी देतील. त्याच्या बायकोचं नि तुमचं सूत जुळलं होतं, त्याला कळलं, तो अंगावर धावला, असं म्हणू." मास्तरांनी नुसती मान डोलावली. फाशी टळली.

"वहिनी..." जाळीशी येऊन मास्तरांनी सुरुवात केली.

"ते नातं तुम्ही कोर्टात मोडून आलात," ती म्हणाली. "समितीने माझी संमती मागितली होती. सकाळी सही देऊन आले."

"बदल्यात काय हवंय?"

"मी काय बाजारात घासाघीस करायला आलेय? सही दिली म्हणजे दिली." तिने पिशवीतून एक कोट काढून शिपायाच्या हाती दिला. "एवढं बघा फक्त."

मास्तरांची बोटं सवयीने बाहीच्या जोडावरून फिरली. एकदा, दोनदा. मग त्यांनी तो जोड उजेडाकडे धरला.

"हात त्याचाच. पण कापड तर नवं आहे."

"हात पोरीचा. बाप गेला तेव्हा रांगत होती. त्याचा जुना कोट उसवून उसवून शिकली. आता लांबलांबून माणसं येतात तिच्याकडे. कोट घालून ऐटीत बाहेर पडतात, आणि दारातच कुजबुजतात, हिच्याच आईपायी झालं ना ते?" तिचा आवाज जराही चढला नाही. "मी कुणापुढे मान खाली घातली नाही, घालणारही नाही. पण तुम्ही माझ्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतंत, मास्तर. तुमचा डोळा सदा त्याच्या हातावर."

शिपायाकडून कोट परत घेऊन, घडी करून ती निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या दिवशी मास्तरांनी ताटाला हात लावला नाही. खरं सांगितलं तर सुटका गेली, हे तर उघडच होतं. पण त्यांच्या घशात अडकलं होतं ते वेगळंच. दुसरा आपल्याहून सरस होता, हे वाक्य त्या तोंडातून जन्मात निघालं नव्हतं.

समितीत तिघे साहेब होते. अध्यक्ष फाईल वाचू लागले, "अनैतिक संबंधांतून झालेल्या झटापटीत..."

"खोटं आहे साहेब. बाई गंगेसारखी निर्मळ आहे. मी मारलं ते त्याची बाही माझ्याहून चांगली बसली म्हणून. जळलो मी."

"कोटाच्या बाहीवरून?" अध्यक्षांना हसू आवरेना.

"हसू नका. तुमच्या अंगावरचा कोट माझ्या हातचा आहे. डावा खांदा बघा. चुणी आहे ना बारीकशी? माझ्या प्रत्येक कोटाला आहे, अठरा वर्षं मी ती इस्त्रीने दाबून लपवतोय. धाकट्याच्या हातून ती कधी पडली नसती."

तिन्ही साहेबांनी आपापले खांदे पाहिले. हसणं थांबलं.

अर्ज चार वर्षं पुढे ढकलला गेला. मास्तरांनी एकच मागणं केलं: जबाबाची नक्कल धाकट्याच्या पोरीच्या दुकानावर पाठवावी. ती पाठवली गेली.

"एका वाक्यापायी चार वर्षं घालवलीत!" परत नेताना शिपाई हळहळला.

"मापात बसलं ना पण ते वाक्य?" मास्तर म्हणाले. त्यांची चाल पाहून वाटावं, सुटका झाली ती यांचीच.

आठवड्याने अध्यक्षांचा कोट दुरुस्तीला आला. मास्तरांनी डावी बाही उसवली, दिवसभर खपून पुन्हा लावली. चुणी राहिलीच. या खेपेला त्यांनी तिच्यावर इस्त्री फिरवली नाही.