फोनमधल्या वसुंधराबाई

मित्रांनो, वसुंधराबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी पनवेलच्या एका छोट्या रक्ततपासणी लॅबमध्ये, खुंटीवर, त्यांच्या पांढऱ्या कोटाला अडकून होतो. अलिना त्यांच्या हाताखाली काम करायची. तिला फोन आला. "काल तर इथं होत्या," एवढंच ती म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली. मला काही समजलं नाही. मी बाईंची वाट बघत राहिलो.

मी एक जुनं आयकार्ड आहे. २००३ साली एसटी स्टँडजवळच्या दुकानात मला प्लास्टिक चढवलं. वर बाईंचा फोटो, खाली नाव, त्याखाली 'लॅब टेक्निशियन'.

अकरा वर्षं मी त्यांच्या गळ्यात होतो. सुईला घाबरणारी माणसं माझ्यावरचं नाव वाचत बसत, तोवर बाई रक्त काढून मोकळ्या. डॉक्टर म्हणत, "वसुंधराबाईंचा हात हलका." घरी निघताना त्या मला खुंटीला लावत. मग रस्त्यात कोणी कितीही विचारो, रिपोर्टबद्दल एक शब्द बोलत नसत. दुसऱ्या दिवशी हसत हसत अलिनाला सांगत, "शेजारीण म्हणते, वसुताई, हळूच कानात सांगा ना. म्हटलं, कानात सांगायला मी काय भविष्य बघते? लॅबमध्ये ये, रिपोर्ट घे, अर्थ डॉक्टर सांगतील." घरी नवऱ्यालाही, म्हणजे तुळशीरामांनाही, त्यांनी कधी कोणाचा रिपोर्ट सांगितला नाही. "तुम्ही भाजी निवडा," म्हणायच्या.

मग भाची हेतलनं त्यांना फेसबुकवर खातं काढून दिलं. बाईंचा दुसरा चांगला फोटो नव्हता, म्हणून तिनं माझाच फोटो काढून तिथं लावला. तेव्हापासून माझा गोंधळ सुरू झाला. मी खुंटीवर होतो आणि त्याच वेळी फोनमध्येही होतो. बायका तिथंही विचारत. बाई तिथंही तेच लिहीत: लॅबमध्ये या.

तेराव्यानंतर तुळशीरामांनी मला घरी आणलं आणि बाईंच्या फोनशेजारी ठेवलं. फोन ते रोज चार्ज करत. का, ते मला कळलं नाही. एका दुपारी तो वाजला. कोन गावच्या रंभानं आपल्या रिपोर्टचा फोटो पाठवला होता. "ताई, मना सातवा महिना हाय. रिपोर्ट बरा हाय ना? मना काय कलत नाय."

तुळशीराम किती तरी वेळ ते बघत बसले. इतक्या दिवसांत बाईंना कोणी हाक मारली नव्हती. मग एका बोटानं त्यांनी लिहिलं, "घाबरू नकोस. सगळं ठीक आहे." त्यांना रिपोर्ट वाचता येत नव्हता. त्यांना फक्त धीर द्यायचा होता. पण त्या शब्दांशेजारी माझा फोटो होता.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "तुमी सांगितलंत मंग डाक्टरकडं गेलेच नाय."

तुळशीराम ताडकन उठले. फोन आणि मला खिशात घालून त्यांनी लॅब गाठली.

अलिनानं वाचलं. "काका, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"या अल्ला! काका, हिमोग्लोबिन साडेपाच आहे, अकरा तरी हवं. बाळंतपणात जीव जाईल हिचा."

तिनं लगेच रिपोर्टवरच्या नंबरवर फोन लावला. रंभाचा नवरा प्रणित बोलला. "तुमी कोन बोलता? आमाला ताईंनी सोता लिवलंय, ठीक हाय म्हनून. त्यांचं कार्ड हाय फोटूत."

अलिना खरं सांगत होती आणि माझ्यामुळं ते कोणी ऐकत नव्हतं. माझ्यावर काहीच खोटं नव्हतं. फोटो बाईंचा, नाव बाईंचं, कामही बाईंचंच. तरी खोटं माझ्या तोंडून कसं निघालं, ते मला अजून समजत नाही.

तुळशीरामांनी फोन घेतला. "मी ताईंचा नवरा. ते मी लिहिलं. चुकलं माझं. तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"मंग ताईंना द्या ना फोन."

तुळशीरामांनी मला खिशातून काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "ती... सुट्टीवर आहे."

अलिनानं मान खाली घातली.

ताईंच्या नवऱ्याचा शब्द म्हणून प्रणितनं ऐकलं आणि रंभाला त्याच दिवशी रक्त चढवलं. ती वाचली.

मित्रांनो, दुसऱ्याचं नाव लावून बोलू नका. मायेनंही नको. आणि उद्या तुमच्या गळ्यात माझ्यासारखं कार्ड आलं, तर जे लॅबमध्ये उभं राहून बोलणार नाही, ते फोनवरही लिहू नका. मला तरी एवढंच कळलं आहे. बाकीचं कळलेलं नाही.

परवा फोन पुन्हा वाजला. "ताई, मुलगी झाली. तुमी बगायला या."

तुळशीरामांनी ते दोनदा वाचलं. खातं कसं बंद करायचं, ते हेतलनं त्यांना कागदावर लिहून दिलं आहे. खातं अजून चालूच आहे. ताई आता नाहीत, हे रंभाला अजून कोणी सांगितलेलं नाही.