कापशीचं डोहाळजेवण

कामरगावात एखादी बातमी पसरवायची असेल तर ग्रामपंचायतीच्या भोंग्यापेक्षा तुळसाबाईच्या कानात सांगणं बरं, असं गल्लीतले लोक म्हणत, आणि तुळसाबाईला त्याचं काही वाईट वाटत नसे. तिच्या पोटात भाकर राहायची, गोष्ट राहायची नाही. कोणाच्या म्हशीला वगार झाली, कोणाची पोरगी दहावी पास झाली, हे त्या घरच्या म्हाताऱ्यांना कळायच्या आधी तिच्या तोंडून गावभर व्हायचं. बाई मनाची निर्मळ होती. आनंद एकटीने खाणं तिला जमतच नव्हतं.

पण याच गुणापायी मागच्या हिवाळ्यात घरात चूल थंड राहिली होती. सून वैष्णवीने माहेरून, मानोऱ्याकडून, एक पांढरीशुभ्र सशीण आणली होती. तिचं नाव कापशी. ती व्यायली त्या सकाळी तुळसाबाईने अख्खी गल्ली गोळा केली. बायका आल्या, लेकरं आली, ज्याने त्याने खोक्यात हात घातला, पिल्लं ओंजळीत घेऊन फिरवली. कापशी इतकी बिथरली की तिने पिल्लांना जवळ तर केलं नाहीच, उलट भेदरून खोक्यात उड्या मारताना त्यांना तुडवलं. एकही वाचलं नाही. वैष्णवी नुसता तो रिकामा खोका धूत बसली, आणि तुळसाबाईला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

वाशीमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दोघींना समजावलं की चूक सशिणीची नव्हती. तिला आडोसा हवा, शांतता हवी, आणि दुसऱ्या खेपेची घाई तर मुळीच नको. वैष्णवीने मग पुरता उन्हाळा जाऊ दिला. कापशीचं अंग पुन्हा भरलं, तरी वैष्णवीने घाई केली नाही. आधी माहेरी, मानोऱ्याकडे, पिल्लं कोणाला द्यायची ते ठरवलं. ज्यांच्या दारात मोकळी कुत्री होती त्यांना सरळ नाही म्हणाली. जिथे बंद पिंजरा आणि सावली पाहिली, तिथेच शब्द दिला. त्यानंतर कापशीला ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, बांगड्यांच्या दुकानवाल्या हाजराबीकडे घेऊन गेली. हाजराबीचा ससा नवाब, तोही पांढराच, तिथे राहत असे. काम होताच कापशीला परत आणलं आणि पुन्हा दोघांची गाठ पडू दिली नाही.

त्या संध्याकाळी वैष्णवी सासूला म्हणाली, "आई, ही शेवटची खेप. यावेळीबी तसंच झालं तर कापशीले मी दुसऱ्या चांगल्या घरी देऊन टाकीन. आपल्या हौसेपायी तिनं काहून भोगावं?"

तुळसाबाई भाजी निवडायला बसली की कापशी तिच्या पावलाला टेकून बसायची, देठं खायची आणि तिच्या सगळ्या गप्पा ऐकून घ्यायची. घरात तिचं एवढं ऐकणारं दुसरं होतं कोण? तिने देवासमोर शपथ घेतली की या वेळी तोंड शिवून टाकीन.

आणि खरंच शिवलं. गल्लीला वाटलं बाईची दाढ दुखते आहे. पण बाळंतपणाचा खोका भरायला कोरडं गवत हवं होतं, ते मागायला ती शेजारच्या ललिताबाईकडे गेली आणि तिथे टाका उसवला. गाय नाही, बकरी नाही, गवत कायले पाहिजे, असं ललिताबाईने साधंच विचारलं होतं. तुळसाबाईचे कान लाल झाले, आणि ललिताबाईला तेवढं पुरलं. दिवे लागायच्या आत बायकांनी ठरवूनही टाकलं: मागच्या वेळी आपल्याच हातून पाप झालं, आता कापशीचं डोहाळजेवण थाटात करायचं. शुक्रवारी दुपारी, तुळसाबाईच्याच अंगणात.

आता एवढ्या प्रेमाने आलेल्या बायकांना नाही कसं म्हणणार? तुळसाबाईला तर आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी ती पिंजऱ्यापाशी गेली, तर कापशी आपल्याच छातीवरचे केस दातांनी उपटत होती. खरूज झाली समजून बाई कडुनिंबाचं तेल घेऊन धावली. वैष्णवीने तिचा हात धरला.

"आई, तेल नोका लावू. पिल्लासाठी गादी करून राह्यली ते. आज-उद्यात होते पाहा."

आज! आणि दुपारी गल्ली येणार, गाणी म्हणणार, कापशीला पाटावर बसवणार. तुळसाबाईने तेलाची वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि तरातरा हाजराबीचं घर गाठलं. सगळं ऐकून हाजराबी एवढी हसली की दुकानातल्या बांगड्या किणकिणल्या.

"मेरा नवाब अन् डोहाळजेवण?" ती म्हणाली. "बसवा ना. नर का मादी, कोण पाहून राह्यलं?"

गल्लीत परत येऊन तुळसाबाईने जाहीर केलं की कापशीचं सासर हाजराबीकडे आहे, डोहाळजेवणाचा मान सासरचा, तेव्हा कापशी आधीच तिकडे पोचली आहे आणि कार्यक्रमही तिकडेच. रीतच अशी सांगितल्यावर कोण काय बोलणार? बायका ताटं झाकून, गजरे माळून गावाच्या त्या टोकाला निघाल्या.

नवाब दुकानात वाढलेला. दिवसभर गिऱ्हाइकांच्या मांडीवर लोळणाऱ्याला गर्दीचं काय कौतुक! हिरव्या खणावर तो ऐटीत बसला. हाजराबीने कोथिंबिरीची माळ घातली, ती त्याने ओवाळून होईपर्यंत अर्धी खाल्ली. पुरणपोळी, लाडू त्याच्यासमोर नुसते मिरवले. त्याला काही भरवायचं नाही अशी तुळसाबाईने ताकीदच दिली होती. ललिताबाईने ओटीचे तांदूळ वाहिले आणि पोटावरून हात फिरवून म्हणाली, पोट काही दिसत नाही. तुळसाबाईने जराही न अडखळता सांगितलं, सशिणीचं असंच असते वं, उशिरा दिसते. हाजराबी तोंडात ओढणी कोंबून आत पळाली.

मग पालथ्या वाट्यांचा खेळ झाला. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. नवाबाने दोन्ही वाट्या नाकाने उलथवल्या आणि दोन्हींकडे पाठ फिरवून उरलेली माळ संपवायला घेतली. बायकांनी टाळ्या पिटल्या. तुळसाबाई सगळ्यांच्या वरच्या सुरात गात होती, पण अर्धा जीव घरी होता.

ती परतली तेव्हा वैष्णवी ओसरीवर बसून होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच सांगितलं की झालं, सगळी हलताहेत. तुळसाबाईचे पाय आपोआप खोक्याकडे वळले. दोन पावलं गेली, थबकली, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठ फिरवून कणीक मळायला बसली. तेवढी मऊ कणीक त्या घरात पुन्हा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तिची नवी घालमेल सुरू झाली. कापशी लांब बसून गवत खात होती, पिल्लांकडे फिरकत नव्हती. पुन्हा टाकली की काय? वैष्णवीने तिला बोलावलं आणि खोक्यावरचं फडकं बाजूला केलं.

"ते दिवसातून एखाद्या वेळीच पाजते. तुमीच पाहा."

पांढऱ्या केसांच्या गादीत गुलाबी जीव एकमेकांना चिकटून झोपले होते, आणि प्रत्येकाचं पोट दुधाने गोल, तट्ट फुगलेलं होतं. तुळसाबाईने हात मागे बांधून घेतले होते. तिला एवढा आनंद झाला की टाळी वाजू नये म्हणून तिने ते आणखी घट्ट आवळले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ललिताबाईचा आवाज आला. "काय वं तुळसा, काही खबर?"

वैष्णवीचा फडक्यावरचा हात तसाच थांबला. अख्ख्या कामरगावाला ऐकू जाईल एवढी बातमी तुळसाबाईच्या जिभेवर येऊन उभी होती.

"काही नाही वं," ती म्हणाली. "मेथी निवडून राह्यली."

पलीकडची पावलं दूर गेली. वैष्णवीने फडकं नीट पसरलं आणि सासूकडे पाहून हसली.

"कापशी कुठीच जात नाही, आई."

तुळसाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पिंजऱ्यापाशी फतकल मारून, आवाज न करता, पोट धरधरून हसत राहिली.