हिव वाजनं

"इथं नका फोडू साहेब, आत काच आहे," हेल्पर धुडकू म्हणेपर्यंत साइट मॅनेजर प्रमोदभाईंनी नारळ फोडलाही होता. बरोबर पाइपाच्या जोडावरच्या डबीवर.

काच म्हणजे केसाएवढी काचेची तार. समुद्राकडच्या त्या कारखान्यात उणे एकशेसाठ अंशांचा द्रवरूप गॅस पाइपातून वाहायचा. ना वास, ना रंग. तो कुठं गळला, तर तारेतला उजेड गारवा ओळखणार आणि कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजणार. त्याचंच हे उद्घाटन. ठिणगी चालत नाही म्हणून उदबत्त्या न पेटवताच ओवाळल्या. नारळाबद्दल नियम गप्प होते.

तार मेली. चौकशीत नारळ फार टणक असल्याचं निष्पन्न झालं. नारळ धुडकूनं आणला होता.

"नवी तार येईपर्यंत तूच बस जोडापाशी," प्रमोदभाई म्हणाले. "गार लागलं की वॉकीटॉकीवर बोल. नाहीतर उद्यापासून गेटवर येऊ नको."

"जॅकेट? हातमोजे?"

"अरे बबूचक, ते घातल्यावर तुला गार कळणार कसं?"

सगळे हसले. तोंडात प्रसादाचं खोबरं होतं, ते दिसलं.

मे महिना. धुडकूच्या डिंडोली वस्तीतले शेजारी म्हणाले, "मजा आहे बुवा, एसीत नोकरी!"

एका दुपारी जोडातून पांढरी वाफ निघाली.

"साहेब, हिव वाजनं!" घाबरला की धुडकूची भाषा थेट खानदेशात पळायची.

"वाग्युं? शुं वाग्युं?" कंट्रोल रूममधून प्रमोदभाईंनी गुजरातीत विचारलं, काय वाजलं म्हणून.

"हिव! थंडी वाजतेय, थंडी!"

"इथं काहीच वाजलं नाही. अलार्म शांत आहे."

"अलार्म मीच आहे ना साहेब!"

"मग हात लावून बघ. खात्री कर."

धुडकूनं उजवा हात पुढे नेला. तो ओरडला ते कुठल्याच भाषेत नव्हतं. तेवढं मात्र कंट्रोल रूमला समजलं. गॅस बंद झाला.

नवी तार आली. पूजा झाली. यावेळी खबरदारी म्हणून शहाळं फोडलं. धुडकूचा सत्कार केला, शाल देऊन. लोकरीची.

घरी उषाबाईनं नवऱ्याला चहाचा स्टीलचा ग्लास दिला आणि चटका बसलेली स्वतःची बोटं पदरात गुंडाळली. धुडकूनं ग्लास उजव्या मुठीत घट्ट धरला. धरूनच राहिला.

"अहो, ठेवा ना खाली! भाजेल!"

त्यानं ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गरम शे का?"