स्वतःच्या हाताने मारलेली काट

शनिवारी सकाळी साडेआठला ब्याडगीच्या सरकारी शाळेत प्रफुल्ला हिरेमठ टीचरनी दहावीच्या सराव परीक्षेतला गणिताचा शेवटचा पेपर उघडला आणि लाल पेन खाली ठेवलं. सुमंगला लमाणीने सोळा गणितं सोडवली होती आणि सोळाच्या सोळा गणितांवर स्वतःच काट मारली होती. काटेखालचं वाचता येत होतं. अकरा बरोबर होती.

काट मारलेल्याला गुण नाहीत. बोर्डाची परीक्षा एकोणीस दिवसांवर आलेली. नापास झाली तर एप्रिलपासून दिवसभर मिरचीचे देठ काढायला बसवणार, असं सुमंगलाच्या आईने शाळेत येऊन सांगितलं होतं.

"दोन वर्षं घसा फोडतेय मी हिच्यासाठी," टीचर करवादल्या.

"तो मिरचीबाजारापर्यंत ऐकू येतो, मॅडम," विज्ञानाचे बडिगेर सर चहा फुंकत म्हणाले. "लिलावात ओरडणारे दलाल जळतात तुमच्यावर."

टीचरनी सुमंगलाला शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतलं.

"काट का मारलीस?"

सुमंगलाने दाराकडे पाहिलं.

"अगं, खाणार नाहीये मी तुला. बोल."

"खात्री नव्हती, टीचर."

"अकरा बरोबर आहेत."

"चुकलं की आपल्या हाताने काट मारायची, असं तुम्हीच म्हणता. फळ्यावर, सगळ्यांसमोर. मग सगळे हसतात." ती जमिनीकडे बघत होती. "म्हणून आधीच मारली."

टीचरची ही पद्धत वीस वर्षांची. स्वतः काट मारली की तीच चूक पुन्हा होत नाही, असं त्या नव्या शिक्षकांनाही सांगत.

"बरं. आजपासून काट मारायची नाही. कळलं?"

सुमंगला एक पाऊल मागे सरकली.

"मॅडम, हेही रागावल्यासारखंच वाटलं," बडिगेर सर म्हणाले.

"मग काय अंगाई गाऊ?"

टीचरनी पाच गणितं लिहून तिला तिथेच टेबलाशी बसवलं. त्या जवळ उभ्या राहिल्या की पेन थांबे, खिडकीशी गेल्या की चाले. तासभर त्या खिडकीशी चरफडत उभ्या राहिल्या. साडेअकराला शाळा सुटली आणि सुमंगला कागद ठेवून गेली. तीन गणितांवर काट नव्हती. चौथ्यावरची काट अर्ध्यावर थांबली होती. पाचव्यावर पूर्ण होती. पाचही बरोबर होती.

सोमवारी बाजाराचा दिवस. सुमंगला आली नाही. टीचरनी तिच्या घराशेजारी राहणाऱ्या निंगव्वाला बोलावलं.

"तिला सांग, टीचर रागावलेल्या नाहीत. उद्या ये म्हणावं."

निंगव्वा घुटमळली. "हे तुम्हीच म्हणालात असं सांगू का, टीचर? तिला खरं वाटायचं नाही."

"मीच म्हणाले," टीचर ओरडल्या. मग आवाज खाली आणून पुन्हा म्हणाल्या.

निंगव्वाने निरोप त्याच संध्याकाळी पोचवला. मंगळवारी पहिल्या तासाला हजेरी झाली, तेव्हा सुमंगला आलेली नव्हती.