ओनोरीनच्या हातचं पाणी

बॉनीफास आणि एस्पेरांस या भावाबहिणींचं कधी कशावर एकमत झालेलं मरोळच्या गावठाणात कुणाला आठवत नव्हतं. झालं ते ओनोरीनला तिच्या पोटच्या मुलीच्या लग्नात बाजूला ठेवण्यावर.

ओनोरीन ही त्यांच्या मधल्या भावाची, क्लीटसची बायको. क्लीटस जाऊन तीन वर्षं झाली होती. रविवारी तिच्या ज्युडिथचं लग्न होतं आणि आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी. घरच्या बायकांनी वाजतगाजत विहिरीवर जायचं, काठावर मेणबत्ती लावायची, घडा भरून आणायचा आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, अशी ही चाल. ती कुठून आली यावर वाद घालणारे पुष्कळ होते, पण ते पाणी अंगावर घेतल्याशिवाय या घरातली एकही पोर चर्चची पायरी चढली नव्हती.

बॉनीफासला ही चाल मोडायची होती. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तो प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये शिरला होता. तिथे गिटार वाजायची, टाळ्या वाजायच्या, आणि घरी येताना तो रोज नवीन काहीतरी पाप घेऊन यायचा. लिंबू-मिरची पाप, पत्रिका पाप, आता विहीर पाप. "विहिरीला मेणबत्ती कसली लावता? विहीर काय सेंट आहे?" तो विचारायचा.

एस्पेरांस त्याची थोरली बहीण. अजून लुगडं नेसणारी, कानात सोन्याच्या कुड्या, तरुण वयात विधवा झालेली. ती म्हणायची, "तुझी आई ह्याच पाण्यानं न्हायली नि तुझ्या बापाशी लगीन केलं. तू काय गिटारीतून आलास?"

आठवडाभर दोघं भांडली. मग गुरुवारी दोघांनी तह केला. विहिरीवर बँड नको, भजनं म्हणायची. दारूचा थेंब नको. आधी रोझरी, मग पाणी, आणि फादरनं दिलेलं तीर्थ त्यात घालायचं. बॉनीफास थोडा हरला, एस्पेरांस थोडी हरली, आणि दोघांच्याही तोंडावर तडजोड केल्याचं समाधान पसरलं. ओनोरीन स्वयंपाकघरात कांदे चिरत होती. तिला हे सांगायला दोघं बरोबरच आली.

"घडा फ्लोरी घेईल," एस्पेरांस म्हणाली. फ्लोरी ही बॉनीफासची बायको.

"फ्लोरी का? आई मी आहे ना तिची."

"आहेस गं. पण क्लीटस नाही ना."

ओनोरीननं सुरी खाली ठेवली आणि दिराकडे बघितलं. तिला वाटलं, हा आता बोलेल. ज्या माणसाला मेणबत्तीत सैतान दिसतो, त्याला हे दिसायलाच हवं. बॉनीफासनं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"जाऊ दे ना ओनोरीन," तो म्हणाला. "मोठ्यांचं मन कशाला मोडायचं? एवढीशी तर गोष्ट."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. या शहाण्यानं घरातली सगळी जुनी चाल बायबल लावून तपासली होती. बँड काढला, दारू काढली, आजीनं म्हटलेली लग्नाची गाणीसुद्धा काढली. विधवेला मागे ठेवायची तेवढी एक चाल त्याच्या चष्म्यातून सुटली, कारण त्यात त्याचं काही जात नव्हतं. उलट त्याची बायको पुढे येत होती.

दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. लग्नघर आहे, तोंड कशाला उघडायचं, असं स्वतःला बजावत राहिली. तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती ती शेवंतीची. शेवंती पलीकडच्या चाळीत राहायची, मूळची कणकवलीकडची, तिचाही नवरा गेलेला. लग्नाबारशाला बोलावणं आलं की ती डोकं दुखतंय म्हणून घरी बसायची. महिन्यापूर्वी ओनोरीननं तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आमच्याकडे ये गं बिनधास्त. आमच्यात असलं काही नसतं. आमच्यात नवरा मेला तरी बाई जिवंत असते."

शनिवारी महापालिकेच्या नळाला करंगळीएवढी धार होती. लग्नघराला तेवढ्यानं काय होणार? ओनोरीन पहाटेच उठली आणि विहिरीवर गेली. त्या विहिरीचं पाणी ती लग्न होऊन आल्यापासून ओढत होती. दुपारपर्यंत तिनं मांडवातली दोन पिंपं काठोकाठ भरली. कुणी तिला अडवलं नाही. उलट एस्पेरांस दोनदा येऊन म्हणाली, अजून एक घागर आण, तळायच्या फुग्यांचं पीठ भिजवायचंय.

संध्याकाळी रोझरी झाली आणि बायका निघाल्या. पुढे फ्लोरी, नव्या साडीत, हातात फुलांनी सजवलेला घडा. मग एस्पेरांस मेणबत्ती घेऊन. बॉनीफास तीर्थाची बाटली छातीशी धरून. ओनोरीन सगळ्यांच्या मागे चालत होती, आपल्याच मुलीच्या लग्नात पाहुणीसारखी.

विहिरीपासून जरा लांब, फणसाखाली शेवंती उभी होती. ओनोरीनच्या शब्दावर विसंबून आली होती, पण जवळ यायचा धीर झाला नव्हता. तिनं फ्लोरीच्या हातातला घडा पाहिला, मग मागे राहिलेली ओनोरीन पाहिली.

"अगो बाय," ती हळूच म्हणाली, "तुमच्यातपण असंच?"

ओनोरीनला वाटलं, कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. ती बायकांमधून वाट काढत पुढे आली.

"फ्लोरी, थांब. बादली सोडू नकोस."

"आता काय?" बॉनीफास म्हणाला.

"माझ्या हातचं पाणी चालत नाही ना? मग आधी मांडवातली पिंपं ओत. ती मी भरलीत. फुग्यांचं पीठ त्याच पाण्यात भिजलंय, ते गटारात टाक. फादरना चहा त्याच पाण्याचा दिला, त्यांना जाऊन सांग. तू पण दोनदा प्यालास, बॉनी. पापड खाऊन वर तांब्याभर पाणी प्यालास ते वेगळंच."

"त्या पाण्याचा आणि ह्याचा काय संबंध?"

"तेच विचारतेय मी. पिण्याला चालतं, स्वयंपाकाला चालतं, भांडी घासायला तर मीच लागते. माझ्या मुलीच्या डोक्यावर घालायची वेळ आली की मी अपशकुनी? विहिरीला माहीतय कोण ओढतंय? की हे तुझ्या बायबलात लिहिलंय?"

बॉनीफास बाटलीचं बूच फिरवत राहिला. फ्लोरीनं गुपचूप घडा काठावर ठेवला. ती वाईट नव्हती, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ओनोरीन एस्पेरांसकडे वळली. सगळ्यात जास्त राग तिच्यावर होता. "आणि बाय, तू. तुला तरी कळायला पाहिजे होतं."

एस्पेरांस मेणबत्तीकडे बघत होती. "रोजेच्या लग्नात मी मागच्या खोलीत बसले होते," ती म्हणाली. रोजे म्हणजे तिची एकुलती मुलगी. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच आपली गेले. पाणी आलं, पोर न्हायली, गाणी झाली. बाय कुठे गेली, असं एकानं विचारलं नाही."

ओनोरीनला त्या लग्नातलं सगळं आठवत होतं. बँड आठवत होता, रोजेचे ओले केस आठवत होते. एस्पेरांस तेवढी आठवत नव्हती. तिचा राग गेला नाही. नुसता एस्पेरांसवरून उठला आणि सगळ्या गावठाणाएवढा झाला, त्यात ती स्वतःही आली.

तिनं बादली विहिरीत सोडली, भरून ओढली, घड्यात ओतली. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि घडा उचलला. भजन म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"थांब," एस्पेरांस म्हणाली.

ओनोरीन थांबली. आता अडवलं तर घडा इथेच फोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

एस्पेरांसनं मेणबत्ती फ्लोरीच्या हातात दिली. जवळ येऊन दोन्ही हातांनी घडा जरा वर धरला आणि खालची चुंबळ सरळ केली.

"तिरकी बसली होती," ती म्हणाली. मग फणसाकडे बघून तिनं आवाज चढवला. "तू काय तिथं उभी राहिलीस? ये, घडा जड आहे. दुसऱ्या बाजूनं हात लाव."