आलं की गेलं?

मित्रांनो, मी एक जुनी फिरती डिश आहे. खाण्याची नव्हे, गच्चीवरची. माझ्या पाठीला मोटर आहे, त्यामुळे जन्मभर एकाच उपग्रहाकडे टक लावून बसणारी माझी जात नव्हे. उगवतीपासून मावळतीपर्यंत मान फिरवणारी आहे. शेजारच्या गच्चीवरची डिश याला आगाऊपणा म्हणते. म्हणो बापडी.

मला धक्के खायची सवय आहे. कारखान्यात सपाट पत्रा होते, तर एका दणक्यात माझं पोट आत गेलं. पुढे दुकानात खोक्यात पडून राहिले. दुकानदार माझ्यावर डबा ठेवून जेवायचा आणि म्हणायचा, "हिला कोण नेणार? हिचे नखरे फार." पण खरा धक्का मला गच्चीवर आल्यावर बसला. तोच सांगते.

मला नेलं स्टिअरिंगकाकांनी. आयुष्यभर त्यांनी बस चालवली, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलेलं. त्यांची एकुलती एक मुलगी दूरदेशी व्हायोलिन वाजवते. तिच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम तिथल्या वाहिनीवर थेट दिसणार होता, आणि ती वाहिनी ज्या उपग्रहावर, तो पार मावळतीला टेकलेला. घरातली साधी डिश तिकडे बघायला तयार नव्हती. काकूंनी लेकीला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यात ती हल्ली फोनवर तुटक बोलायची. काकूंचा जीव टांगणीला लागला होता. "एकदा तिचा चेहरा दिसू दे, मग मला कळेल काय ते," असं त्या म्हणायच्या.

काकांनी ओळंब्याची दोरी सोडून माझा खांब सरळ उभा केला. खांब जरा कलला तर मी अख्खं आकाश चुकते. खाली टीव्हीजवळ रिसीव्हर ठेवला, त्यात गावाचे अक्षांश-रेखांश भरले. मग ठरलं असं की काकूंनी खिडकीशी रिमोट घेऊन बसायचं आणि चित्र दिसलं की "आलं", नाहीसं झालं की "गेलं" असं ओरडायचं. काकांना ही पद्धत पसंत होती. त्यांनी मागे न बघता, कंडक्टरच्या आवाजावर बस मागे घेतलेली. आवाज आला की हात चालायचा, मध्ये डोकं नाही.

कार्यक्रमाच्या दुपारी काकूंनी पश्चिमेचं बटण दाबलं. मी कुरकुरत सरकले. बाकीचं काकांनी हाताने, केसाकेसाने.

"आलं?"

"नाही हो! आलं, आलं! अरे देवा, गेलं! हां, आलं! हात लावू नका आता!"

नट अजून पुरता आवळलेला नव्हता. तेवढ्यात माझ्या पोटात ते दृश्य उतरलं. मंचावर सगळे वादक उभे राहिले. काकूंची लेक व्हायोलिन घेऊन जरा बाजूला वळली. आणि मित्रांनो, मी हादरलेच! तिचं पोट चांगलं पुढे आलं होतं.

खाली काकू किंचाळल्या, "अगं बाई! अहो, दिवस गेलेत!"

वाऱ्यात "दिवस" उडून गेला. गच्चीवर पोचलं ते फक्त "गेलेत".

"गेलं? आत्ता तर आलं होतं!" म्हणत काकांनी नट सोडला आणि मला असा काही हिसका दिला की मी थेट शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी राहिले. खाली पडदा काळा.

"घालवलंत ना!" काकू ओरडल्या.

"तूच म्हणालीस गेलं!"

"गेलं नाही हो, गेलेत! तुमच्या मुलीला दिवस गेलेत!"

काकांच्या हातातला पाना टणकन माझ्या काठावर पडला. तो पोचा अजून आहे. मागे दोनदा लेकीचं बाळ पोटातच गेलं होतं. दोन्ही वेळा पाहुणेरावळ्यांना आधीच कळलं होतं, आणि सांत्वनाचे फोन घेता घेता पोरगी मेटाकुटीला आली होती. या वेळी तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"माझ्या पोटची पोर," खालून काकूंचा रडवेला आवाज आला, "आणि मला टीव्हीवरून कळतंय!"

"रडू नकोस. बटण दाब," काका पाना उचलत म्हणाले.

त्यांनी पुन्हा माझी कड धरली. मी स्वतःहून वळू शकत नाही याचं मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. बराच वेळ नुसतं "नाही, नाही" चाललं. शेवटी आवाज आला, "आलं!"

"काय आलं?" काकांनी या वेळी विचारलं.

"चित्र हो! वाजवतेय ती!"

काकांनी नट आवळला. आता खाली जायला हरकत नव्हती, पण ते गेले नाहीत. वाऱ्याने मी हलेन या धास्तीने कार्यक्रम संपेपर्यंत मला दोन्ही हातांनी धरून बसले. लेक त्यांच्या हातांतून खाली जात होती आणि त्यांना ती दिसली नाही.

त्या रात्री काकू फोन लावायला निघाल्या, तर काका म्हणाले, "विचारू नकोस. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल." दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. मी मात्र रोज धास्तावलेली. खालून कुणी नुसतं "दूध गेलं उतू" म्हटलं, तरी काकांच्या हातातली वस्तू थांबायची.

मग एका सकाळी काका माझ्या मोटरचं झाकण काढून ग्रीस भरत होते. फोन वाजला. थोड्या वेळाने काकू खिडकीत आल्या. डोळे पुसत वर बघू लागल्या. काकांचा ग्रीस भरणारा हात थांबला. आता कोणता शब्द येतो, म्हणून माझाही पत्रा गार झाला.

"आलं!"

"काय आलं?" काकांनी जेमतेम विचारलं.

"बाळ! रडतंय हो! ऐकायला या!"

काका जिना उतरले की घरंगळले, मला ठाऊक नाही. झाकण लावायचं राहूनच गेलं. पावसाचं पाणी आत शिरलं, मोटर गंजली, आणि तेव्हापासून माझी मान मावळतीकडेच अडकली आहे. कुणी फिरवत नाही, कुणी पुसत नाही.

मित्रांनो, तुम्ही यंत्रांची झाकणं लावत जा. आम्हाला दुखतं. आणि खालून कुणी "गेलं" म्हणालं, तर पाना उचलण्याआधी विचारत जा, काय गेलं? पण "आलं" ऐकून कुणी असं धावत सुटलं, तर त्याला झाकणासाठी थांबवू नका. मीही नसतं थांबवलं.